चूक क्रमांक सत्तावीस

२ डिसेंबर १९९६, सोमवार

ही डायरी १९९३ ची आहे. खताच्या दुकानदाराने सरांना दिली, सरांनी मला. वार जुळत नाहीत. छापील ‘गुरुवार’ खोडून वर सोमवार लिहिलंय. पहिल्या दिवशी, पहिल्या ओळीत, पहिली खाडाखोड.

कामही तसलंच मिळालंय. श्रीरामपूरला मेन रोडच्या मागच्या गल्लीत गोरक्षनाथ सरांचं कॉम्प्युटर सेंटर आहे. दोन कॉम्प्युटर, किरकिर करणारा एक प्रिंटर, टायपिंग करणारी दीपा आणि आजपासून मी, भीमराज, बारावी नापास. सरांनी कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यासाठी उसाच्या नोंदीचं सॉफ्टवेअर केलंय. कोणी कधी ऊस लावला, कुठली जात, किती क्षेत्र, हे आजवर रजिस्टरात होतं, ते आता कॉम्प्युटरात. ज्याची नोंद आधी, त्याचा ऊस आधी तुटतो. कॉम्प्युटर म्हणे डोळे झाकून काही घेत नाही. भरलेली प्रत्येक नोंद तपासतो. काही जुळलं नाही की अडतो आणि चूक क्रमांक दाखवतो. मग कचेरीतल्या क्लार्कने सोबतच्या पुस्तकात तो क्रमांक काढायचा. तिथे लिहिलेलं असतं, ‘पाहा अमुक प्रकरण’. ते प्रकरण काढायचं आणि त्याप्रमाणे करायचं.

माझं काम त्या ‘पाहा’चं. पुस्तक लिहून झाल्यावर सरांनी मध्येच एक नवं प्रकरण तिसरं म्हणून घुसवलं. जुनं तिसरं चौथं झालं, चौथं पाचवं, आणि सगळे ‘पाहा’ चुकीच्या दारात जाऊन उभे राहिले. एकूण दोनशे चौदा. एकेक शोधून खरं दार दाखवायचं. महिनाभराचं काम, सर म्हणाले.

आई म्हणाली, “महिनाभर एका जागी बसशील?”

“बसेन की.”

ती भाकरी थापत राहिली.

५ डिसेंबर, गुरुवार

तेरा झाले. एकशे तेरा वाटतात.

७ डिसेंबर, शनिवार

७.२ मध्ये लिहिलंय, पाहा ४.६. ४.६ काढलं. तिथे लिहिलंय, याबाबत पाहा ७.२. अर्धा तास मी या दोघांमध्ये येरझाऱ्या घातल्या. शेवटी सरांना दाखवलं.

सर म्हणाले, “दोन्ही बरोबर आहेत.”

“मग माहिती कुठाय?”

“ती लिहायची राहिली.”

अशा माणसाकडे मी काम करतो. वर दीपाचं वेगळंच. माझ्याकडे बघून म्हणते, “तू ओळीवर बोट ठेवून वाचतोस का रे?”

“मग काय ठेवून वाचू?”

“चालेल, चालेल. बोट ठेव. निदान हात तरी पुस्तकाजवळ राहील.”

दुपारी तिने डब्यातली अर्धी पोळी मला दिली. तिला भूक नसावी.

११ डिसेंबर, बुधवार

सोमवार-मंगळवार कामावर गेलो नाही. ओळखीच्या टेम्पोवाल्याला राजूरला प्लास्टिकच्या बादल्या पोचवायच्या होत्या. म्हणाला, चल सोबतीला. मी फक्त संगमनेरपर्यंत जाणार होतो. मग म्हटलं, एवढं आलोय तर घाट बघू. राजूरच्या बाजारात डोंगरावरची माणसं मधाच्या बाटल्या, हिरडे असलं काहीबाही घेऊन बसलेली. एका म्हाताऱ्याशी मी दीड तास मधमाश्यांबद्दल बोललो. माशी चावली तर काय करायचं हे मला आता पक्कं माहीत आहे. ५.३ कुठे गेलं ते माहीत नाही.

सर ओरडले नाहीत. नुसतं लाल पेन माझ्या हातात दिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

रसवंती, व्हिडिओ सेंटर, टायपिंग इन्स्टिट्यूट, मनमाडचा धाबा, आणि आता हे. धाब्यावर सगळ्यात जास्त टिकलो, साडेचार महिने. तिथे खायला मिळायचं.

१६ डिसेंबर, सोमवार

एकशे साठ झाले. आज माझ्या लक्षात आलं की हे काम मुळात मूर्खपणाचं आहे. कोणीही पुस्तक उघडून वाचणार नाही. धाब्यावर मेनू कार्ड होतं, कोणी वाचायचं? येतील ते विचारायचे, काय आहे? सरांना हे सांगितलं. सर म्हणाले, “कचेरीतला माणूस कोणाला विचारणार? तिथे तो, कॉम्प्युटर आणि हे पुस्तक.”

बोलण्यात सर कधी हरत नाहीत. लिहिण्यात हरतात.

२१ डिसेंबर, शनिवार

झालं! संपलं!

शेवटचा तक्ता तेवढा राहिला होता, चुकांचा. एक ते चाळीस क्रमांक, आणि प्रत्येकासमोर ‘पाहा’. हा सगळ्यात किचकट, कारण इथे नुसता आकडा सरकवून भागत नाही. चूक काय आहे ती वाचायची, तिच्यावर उपाय कुठे आहे तो शोधायचा. आज पाच वाजता झेरॉक्सला द्यायचं होतं. मी हुशारीने सोपे आधी केले, मधले ठेवले.

साडेतीनला मागच्या वस्तीत आरडाओरड. तिथली पोरं नाताळची चांदणी चढवत होती. बांबूच्या कामट्या, रंगीत जिलेटीन, बैलगाडीच्या चाकाएवढी. लिंबाच्या फांदीत दोर अडकला होता. मी नुसता बघायला गेलो. पण वर चढणारं कोणीच नव्हतं, आणि मला झाडं चढता येतात. दोर सोडवला, परत अडकला, परत सोडवला. खालून सगळे मला सांगत होते, डावीकडे, आरं डावीकडे! चढवली शेवटी.

परत आलो तर पावणेपाच. २६ वाचून केलं. एकाच शेताची दोनदा नोंद, पाहा ६.५. म्हणजे नोंद रद्द करणे. खालची सगळी त्याच जातीची दिसत होती, नोंदीतल्याच चुका. ३१ पर्यंत डिट्टो मारले. ३२ पासून पुढचं आधीच झालेलं होतं.

दीपा म्हणाली, “सत्तावीसलाही तेच?”

“तेच.”

“वाचलंस?”

“दीपा, पाच वाजले.”

ती टाइप करायला लागली. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दिवेलागणीला चांदणीत बल्ब लावला. स्टेशनच्या रस्त्यावरून दिसत होती. लोक थांबून बघत होते.

२४ डिसेंबर, मंगळवार

सात प्रती बांधून आल्या. निळं कव्हर. कारखान्याच्या सात गट ऑफिसांना, म्हणजे गावोगावच्या छोट्या कचेऱ्यांना, एकेक गेली. पहिल्या पानावर सरांचं नाव, दुसऱ्यावर टायपिंग म्हणून दीपाचं. माझं कुठेच नाही. दोनशे चौदा ‘पाहा’, त्यात एकही ‘पाहा भीमराज’ नाही.

३१ डिसेंबर, मंगळवार

डायरीची पानं संपली. उद्या उलटं पहिल्या पानावर जायचं.

९ जानेवारी १९९७, गुरुवार

सरांनी मला ठेवून घेतलंय. रिबिनी बदल, फ्लॉप्या पोचव, चहा सांग. एका जागी बसून पाठ धरलीय. रसवंतीवरचा जुना दोस्त म्हणतो, सुरतेला चल, साड्यांच्या छपाईत माणसं लागतात. सुरत मी पाहिलेली नाही.

१५ जानेवारी, बुधवार

आज डोकं फिरलंय. नीट क्रमाने लिहितो.

सरांनी प्रिंटरची रिबीन घेऊन गोदावरीकाठच्या एका गट ऑफिसला पाठवलं. पायरीवर एक साठीची बाई पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. आत क्लार्क, आसाराम. बाईचं नाव झुंबरबाई. दोघांचं चाललेलं.

“मावशे, तुजा नंबर आता एप्रिलच्या शेवटाला. मी काय करू त्याला?”

“आरं, माजी लागण आखाडातली. आठरा महिनं झालं. तुरा आलाय त्याला. परवा तूच बोल्लास, पंधरा दिसात तोड. आन् आता एप्रिल? मधल्या टायमाला मी काय ऊस उपटून परत लावला व्हय?”

मी विचारलं, काय झालं. आसारामने कॉम्प्युटरकडे असं बोट केलं, जसं घरातल्या वाया गेलेल्या जावयाकडे करावं.

“ह्यानं तपासनीत चूक दावली. सत्तावीस. लागन तारीख आन् हंगाम जुळत न्हाई.”

आषाढात लावतात तो आडसाली ऊस, थंडी सरताना लावतात तो सुरू. भरणाऱ्याने ‘आडसाली’च्या जागी ‘सुरू’ दाबलं होतं. एवढीच चूक, एका शब्दाची.

“मग शब्द बदलायचा,” मी म्हणालो.

“मला काय ठावं? म्या पुस्तक काढलं. सत्तावीस, पाहा सहा पॉइंट पाच. सहा पॉइंट पाच म्हंजी नोंद रद्द करा, नवी घ्या. केली रद्द. घेतली नवी. नव्या नोंदीला तारीख पडली कालची. कालची तारीख म्हंजी सगळ्यांच्या मागं नंबर.”

“अहो, एका शब्दासाठी अख्खी नोंद रद्द? डोकं नाही का लावायचं?”

“डोकं लावायचं न्हाई म्हनून तर पुस्तक दिलंय. मागच्या साली डोकं लावलं हुतं, मेमो आला.”

झुंबरबाई माझ्याकडे वळली. “तू कोन रं?”

“मी पुस्तकाकडचा. म्हणजे पुस्तक आमच्याकडून आलंय.”

“मंग वाच की. काय चुकलं ते सांग मला.”

मी पान काढलं. ११७. छापलंय खरं, ६.५. खाली २८, २९, ३०, ३१, सगळीकडे ६.५. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, सरांना विचारून सांगतो. ती म्हणाली, “इचार बाबा. तुरा काय थांबत न्हाई.”

येताना एस.टी.त राग शांत होईना. त्या आसारामला अक्कल नाही. सरांनी पुस्तक तीनदा तपासायला हवं होतं. आणि दीपाने टाइप करताना घोळ घातलाय, बोलता बोलता टाइप करते ती. उद्या तिला दाखवतोच.

१६ जानेवारी, गुरुवार

दाखवलं. म्हणालो, हे बघ तुझी करामत.

तिने कपाट उघडलं. माझे सगळे कच्चे कागद तिने फाइलला लावून ठेवलेत, तारखेप्रमाणे. का ठेवले असतील कोण जाणे, मी तर टाकून दिले असते. एक कागद काढून समोर ठेवला. २६ समोर ६.५. खाली लाल पेनने पाच डिट्टो. शेवटचा तर कागदाच्या बाहेर गेलाय.

“लाल पेन कोणाचं?” ती म्हणाली.

मी म्हणालो, “तुला तेव्हा शंका आली होती ना, मग नीट सांगायचं.”

हे मी खरंच म्हणालो. आता लिहिताना दिसतंय काय म्हणालो ते.

२७ साठी हवं होतं ६.४. नोंद दुरुस्त करणे. हे दोन्ही भाग समोरासमोरच्या पानांवर आहेत.

१७ जानेवारी, शुक्रवार

खरं लिहायचं तर सकाळी मी पिशवी घेऊन स्टँडवर गेलो. नाशिक गाडी लागली होती. नाशिकहून सुरत. खिडकीत बसलो. दोस्ताचा पत्ता खिशात.

मी काय मुद्दाम केलं का? पंधरा मिनिटांत सहा ओळी. बाकीचे दोनशे आठ बरोबर आहेत. त्याबद्दल कोणी पायरीवर येऊन बसलं नाही. सहा चुकल्या की लगेच.

मोजले परत. २६ बरोबर आहे. म्हणजे पाच चुकल्या. तेसुद्धा मी सहा म्हणतोय.

गाडी सुटली. गावाबाहेर दोन्ही अंगाला ऊस, आणि एका वावरात वर पांढरे तुरे हलत होते. मला उसातलं काही कळत नाही, तुरा आला की पुढे काय होतं हेही नाही. पण इतर सहा पुस्तकं आठवली. सहा कचेऱ्या, सहा आसाराम. प्रत्येकजण डोकं न लावता ११७ वं पान उघडणार.

“कुठलं?” कंडक्टर म्हणाला.

“उतरायचंय.”

“आत्ता तर बसलास.”

“तेच.”

घंटी मारताना त्याने मला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. तीन मैल चालत आलो.

१८ जानेवारी, शनिवार

सरांना सगळं सांगितलं. चांदणीसकट. 

मी म्हणालो, “तुम्ही कॉम्प्युटरात तिची जुनी तारीख घाला. दोन मिनिटांचं काम.”

“घेणार नाही तो. आजच्या आधीची नोंद-तारीख तो नाकारतो. तो नियम मी मुद्दाम घातलाय. का? तर वशिल्याची माणसं रात्रीत मागची तारीख टाकून पुढे घुसतात. पाच महिने भांडून तो नियम मी कारखान्याकडून मान्य करून घेतला. आता मीच तो काढू?”

“पण ही खरी आहे, सर.”

“सगळेच खरे असतात रे.”

रागाने पुस्तक घेऊन घरी आलो. पहिल्या पानापासून वाचायला बसलो, ‘पाहा’ न बघता, सरळ, गोष्टीसारखं. आजवर मी हे पुस्तक वाचलंच नव्हतं. नुसता एका दारातून दुसऱ्या दारात पळत होतो.

१९ जानेवारी, रविवार

सापडलं!

९.३. जुनी नोंद-तारीख कायम ठेवणे. ‘कार्यालयाच्या चुकीने नोंद रद्द झाल्यास’ असं स्पष्ट लिहिलंय. गट ऑफिसचं जुनं रजिस्टर, ऊस उत्पादकाकडची मूळ नोंद पावती आणि शेतकी अधिकाऱ्याची सही. तिन्ही असतील तर एका वेगळ्या पडद्यावर जुनी तारीख घेता येते.

अख्ख्या पुस्तकात एकही ‘पाहा’ ९.३ कडे जात नाही. म्हणून मला ते कधी दिसलं नाही. कोणालाच दिसलं नसतं. सायकल मारत सरांच्या घरी गेलो. सरांनी वाचलं.

“हे मी लिहिलं?”

“पुस्तकावर नाव तुमचंच आहे.”

“हो की. कारखान्याने हट्ट धरला म्हणून घातलं होतं.” मग म्हणाले, “बरं लिहिलंय.”

२० जानेवारी, सोमवार

रजिस्टर आसारामकडे मिळालं, त्याच्या पुस्तकातलं ११७ वं पानही तिथेच लाल पेनने दुरुस्त केलं. तिची ओळ आहे, २२ जुलै १९९५. राहिली पावती. झुंबरबाईच्या वस्तीवर गेलो. ओढ्यापलीकडे घर, मागे ऊस. तुरे उन्हात चमकत होते. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, सुंदर दिसतंय.

“तुला सुंदर दिसतंय? आतून पोकळ व्हतोय त्यो.”

मग मी एका दमात सांगून टाकलं. “मावशी, ती चूक आसारामची नाही. माझ्या हातची आहे. मी न वाचता लिहिलं.”

ती दाणे पाखडत होती. सूप थांबलं. “काय करत हुतास, ल्हितानी?”

“त्याच्या आधी चांदणी लावत होतो. नाताळची.”

“लागली का नीट?”

“लागली.”

“बरं झालं. येक तरी काम नीट केलंस.” सूप परत चालू.

पावतीचं विचारलं तर म्हणाली, “हाय की. पन ती गौरीच्या डब्यात.”

वर फळीवर पत्र्याचा डबा होता, दोराने बांधलेला. त्यात गौरींचे मुखवटे. भाद्रपदात काढायचा, तीन दिवसांनी बांधून ठेवायचा. मध्ये उघडायचा नाही. तिच्या सासूने कधी उघडला नाही, तिने नाही. कागद हरवू नये म्हणून तिथे ठेवला, कारण त्या डब्याला घरात कोणी हात लावत नाही.

“मावशी, कचेरीत हे कारण चालणार नाही.”

“तुमचा कचेरीतला डबा आडतो तवा चालतंय? मंग माजाबी आडतो.”

 मी बसून राहिलो.  ती दारातून उसाकडे बघत होती. मग उठली, हातपाय धुतले, हळदकुंकवाची कुयरी घेतली.

“चढ वर. माजं गुडघं न्हाई चालत. थांब. नाव काय तुजं?”

“भीमराज.”

हे नाव सांगितलं की काही घरांत पुढचं बोलणं बदलतं. मी दाराकडे सरकायच्या बेतात होतो.

“भीमराज, हात धुऊन घे आन् चढ. डबा आडवा धरू नगं. नाकं घासत्यात त्यांची.”

डबा बराच जड होता. तिने दोर सोडला. मुखवटे जुन्या लुगड्याच्या कापडात गुंडाळलेले होते. कापड तिने उघडलं नाही. वरूनच हळदकुंकू वाहिलं आणि शेजारच्या खोलीत कोणी झोपलंय अशा आवाजात म्हणाली, “बायांनो, निजा तुमी. मी कागद तेवडा घेती.”

बाजूने हात घालून पावती काढली. शिक्का आहे, सही आहे, २२/७/९५. मी तारीख तीनदा वाचली. डबा परत ठेवताना ती चारदा “हळू” म्हणाली.

२४ जानेवारी, शुक्रवार

चार दिवसांत सहा कचेऱ्या. दोन एस.टी.ने, चार भाड्याच्या सायकलवर. बसून बसून पाठ धरली होती, आता सायकलने बाकीचं धरलंय. प्रत्येक ठिकाणी ११७ वं पान काढायचं, २७ ते ३१ खोडायचं, खरं लिहायचं. आणि २७ च्या खाली नवी ओळ, नोंद चुकून रद्द झाली असल्यास पाहा ९.३.

एका ठिकाणी पुस्तक मॉनिटर उंच करायला खाली घातलेलं होतं, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. त्या क्लार्कला मी मनातून नमस्कार केला. दुसरीकडे उलट. २९ ची चूक पडद्यावर, ६.५ उघडून क्लार्क बसलेला, फक्त चहावाला आला म्हणून एक बटण दाबायचं राहिलं होतं. मी आधी पुस्तक त्याच्या हातातून ओढलं आणि लाल पेन काढलं.

तो म्हणाला, “छापील पुस्तकात खाडाखोड? सही कोनाची यावर? उद्या मला इचारलं तर?”

म्हणून समासात सही केली. भीमराज, तारीख. मग सगळ्याच प्रतींत केली.

दीपाने निघताना लाल पेनात नवी रिफील घालून दिली होती. जुनी संपली असावी.

२८ जानेवारी, मंगळवार

सहीसाठी कारखान्यावर. शेतकी अधिकारी काल दौऱ्यावर. आज मीटिंगमध्ये. मी बाकावर. काल सहा तास, आज सात. समोर भिंतीवर उसावरच्या किडींचा तक्ता आहे, तो पाठ झाला. दोनदा उठून फाटकापर्यंत गेलो. बाहेर कोपरगावची गाडी उभी होती. परत येऊन बसलो. या काळात तिकडे तुरा वाढतोय की काय होतोय देव जाणे, आणि इथे हा माणूस भजी खातोय. दाराच्या फटीतून दिसली.

साडेपाचला आत घेतलं. त्याने कागद उलटे-सुलटे करून सही ठोकली.

“साहेब, वाचा एकदा.”

“तू वाचलंस ना?”

“हो. या वेळी वाचलंय.”

त्याने माझ्याकडे विचित्र बघितलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

काल, परवा वीज नव्हती. आज होती. आसाराम कॉम्प्युटरसमोर, झुंबरबाई पायरीवर, मी उभा. मी सांगायला लागलो तर आसारामने हात वर केला.

“तू बोलू नगं. मी पुस्तकानंच करनार.”

११७ पान. सत्तावीस. खालची लाल ओळ. ९.३ काढलं. ओळीवर बोट ठेवून, मोठ्याने, शब्द शब्द. दुसऱ्या पायरीत, पाहा ५.१. गेला ५.१ ला.  तो ‘पाहा’ मी राजूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी केला होता, अर्धं लक्ष मधमाश्यांत होतं. पान बरोबर निघालं. परत ९.३. तारीख टाकली. पडदा थांबला. मग खाली ओळ आली, नोंद स्वीकारली.

“घेतली,” आसाराम म्हणाला.

पायरीवरून आवाज आला, “काय म्हनतोय?”

“२२ जुलै म्हनतोय, मावशे. पुढच्या हप्त्यात तोडायला टोळी.”

ती उठली, पिशवी झटकली. मला वाटलं काही बोलेल. बोलली, “मला आधीच ठावं हुतं कवा लावला त्ये.”

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज टोळी आली. मला जायची गरज नव्हती. रिबीन पोचवायची आहे असं सरांना सांगितलं. सरांनी कुठली रिबीन ते विचारलं नाही.

सकाळपासून निम्मं वावर मोकळं झालं होतं. तोडणाऱ्या बाया वाढ्यांचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे बांधत होत्या. झुंबरबाईने एक कांडं मोडून दाखवलं. मध्ये भेंड पडलेलं, पांढरं, कापसासारखं.

“हे आता भरून निघत न्हाई,” ती म्हणाली. “जानेवारीत तुटला आसता तर न्हवतं.”

मी मान खाली घातली. ती कांडं माझ्या हातात ठेवून बांधाकडे गेली, टोळीवाल्यावर ओरडली, बुडापासून तोड, वर ठिवू नगं. परत आली.

“भादव्यात कुटं आसतोस तू?”

“काय सांगता येतं? सुरतेला जायचं म्हणतोय.”

“गौरीच्या आदल्या दिशी ये. डबा खाली काढाया मानूस लागतो. तुला आता त्याचं वजन ठावं हाय. आन् सांगून येनार नसशील तर आत्ताच न्हाई म्हन, मी दुसरा बगती.”

मी “येतो” म्हणालो. पटकन निघून गेलं तोंडातून. मग जीपमध्ये बसल्यावर बोटांवर मोजलं. भाद्रपदाला सात महिने आहेत. धाब्यावर साडेचार टिकलो होतो.

संध्याकाळी दीपाला विचारलं, यंदा गौरी कधी? तिने कॅलेंडर उलटून बघितलं. “आठ सप्टेंबरला येतायत. का रे?”

“काही नाही.”

“तेव्हा आहेस का इथे?” तिने कॅलेंडर लगेच मिटलं नाही.

घरी येऊन आधी २१ डिसेंबरचं पान काढलं. ‘झालं! संपलं!’ याच्या समोर समासात लाल पेनने लिहिलं, पाहा १५ जानेवारी. १५ जानेवारीला लिहिलं, पाहा २१ डिसेंबर. हे दोन्ही एकमेकांकडे जातात, पण इथे माहिती लिहायची राहिलेली नाही, दोन्हीकडे आहे.

मग सात सप्टेंबरचं पान. १९९३ चा मंगळवार छापलाय, तो खोडून रविवार केला. लिहिलं, झुंबरबाईचा डबा, सकाळी पहिल्या गाडीने. आणि आता या पानाच्या तळाशी लिहितो,

पाहा ७ सप्टेंबर.

पान उलटून बघितलं. बरोबर आहे. परत एकदा बघितलं.